तिसरी जुडी

आम्ही गंगाच म्हणतो त्या आमच्या नदीकाठच्या बुधवारच्या बाजारात सायखेड्याकडची एक बाई कोथिंबीर घेऊन बसते. ओल्या गोणपाटाखालून जुडी काढते, दोनदा झटकून पाणी उडवते आणि मगच हातात देते. "ओली ठेवली का सडती," एवढंच म्हणते. तिचं नाव मी कधी विचारलं नाही. भाव मात्र दर बुधवारी विचारला.

निवृत्तीनंतर मी घरखर्चात बचत करायचं फारच मनावर घेतलं होतं. जुडी दहाला असली, तर वीसला तीन मिळवल्याशिवाय मी तिथून हलत नसे. घरात आम्ही दोघंच. तरी त्या तीन जुड्या मी बायकोपुढे अशा धरायचो, जणू लढाई जिंकून आलोय. ती त्या उचलून फ्रीजमध्ये ठेवायची.

परवाही मी म्हणालो, "वीसला तीन द्या."

बाईने जुडी झटकता झटकता विचारलं, "दादा, मागल्या बुधवारची तिसरी खाल्ली का?"

मला फ्रीजच्या तळाशी काळी पडलेली जुडी आठवली. तिच्या खालची, त्याही आधीच्या बुधवारचीसुद्धा आठवली.

"मंग एकच न्या. दहा रुपये वाचतील तुमचे."

मी दहाची नोट दिली, एक जुडी घेतली आणि वळलो. तेवढ्यात मागून एक गिऱ्हाईक म्हणालं, "मावशी, वीसला तीन द्या की!"

"आधी त्या दादांना इचारा," बाई म्हणाली.

बचतीच्या बाबतीत माझा सल्ला घ्या, असं आजवर कुणी कुणाला सांगितलं नव्हतं.