हळदीचा संप

हे लिहायला बसलो खरा, पण लिहिण्याचा अधिकार मला आहे की नाही याची खात्री अजून नाही. रेल्वेचा एकही डबा मी धुतलेला नाही. ज्यांनी धुतले त्यांच्यापैकी कोणी लिहायला बसणार नाही, आणि बसायला सांगितलं तर हसतील. कायद्यातलं मला कळतं असंही नाही. पनवेलच्या कॉलेजात मी राज्यशास्त्र शिकतो, आणि आमच्या घरात बारावीच्या पुढे गेलेला मी पहिला, एवढीच माझी पात्रता. तेव्हा वाचकांनी आधीच माफ करावं. ज्यांना हे सगळं माझ्याहून नीट सांगता आलं असतं, त्यांनीही.

आमचं गाव आपट्याजवळ, पाताळगंगेच्या काठाला. बाबा रोज सकाळच्या गाडीने पनवेलला जातात आणि यार्डात उभ्या असलेल्या लांब पल्ल्याच्या गाड्या धुतात. काम रेल्वेचं, माणसं कंत्राटदाराची. गळ्यात अडकवायचा एक गेटपास असतो. तो असेल तर यार्डात जाता येतं, नसेल तर नाही. पास काढून घेतला तर माणसाला कामावरून काढलं असं कुणी म्हणत नाही. तो नुसता फाटकाबाहेर राहतो. आमच्या घरी जे झालं ते या पासावरून झालं.

बाबांच्या पाळीतली बहुतेक माणसं आमच्या गावची किंवा शेजारच्या गावांतली. त्यांनी एका मोठ्या कामगार संघटनेची शाखा काढली होती आणि बाबांना शाखेचे सचिव केलं होतं. मागण्या साध्या होत्या. साबणाने हात सोलतात म्हणून हातमोजे, गमबूट, आणि आठवड्याची हक्काची सुट्टी. मागणीपत्र कंत्राटदाराला दिलं होतं. उत्तर आलेलं नव्हतं.

त्याच सुमारास कामगारांचे नवे कायदे लागू झाले. संसदेने ते काही वर्षांपूर्वीच केले होते, पण अंमल आत्ता सुरू झाला. बाबांनी मला सांगितलं, "बाला, यातला आमच्या कामाचा काय हाय तो वाचून दाव." मग एका रविवारी गावच्या देवळाच्या ओट्यावर सगळे बसले आणि मी मोबाईलवरून वाचू लागलो. मराठी भाषांतर इतकं जड होतं की मला मधेच इंग्रजी बघून परत मराठीत सांगावं लागत होतं. वाचता वाचता संपाच्या व्याख्येपाशी आलो. निम्म्या किंवा त्याहून जास्त कामगारांनी एकाच दिवशी ठरवून किरकोळ रजा घेतली, तर तोही संपच धरायचा, असं तिथे होतं. आणि आधी नोटीस न देता संप केला तर तो बेकायदा.

ओट्यावर एक मावशी बसल्या होत्या. नात्याने मावशी नाहीत, बाबांबरोबर डबे धुतात, पण लहानपणापासून मी त्यांना मावशीच म्हणतो. त्यांच्या मुलीचं लग्न ठरलेलं होतं.

"म्हंजे माज्या पोरीच्या हलदीला समदी आली, तं तो संप?"

सगळे हसले. बाबा म्हणाले, "आरं, हलद म्हंजे काय मोर्चा हाय? झेंडे लावून नाचतान का?"

"डीजेवाला लावतो ना झेंडं," मागून कुणीतरी म्हणालं. पुन्हा हसू.

मी म्हटलं, "बाबा, कंत्राटदाराकडून लेखी परवानगी घ्या. चार ओळी लिहून द्या, मी लिहितो."

"सुपरवायझरला पत्रिका दिली हाय. आनखी काय लिहून देऊ, गानी कोनती लागतील ती?"

मी मोबाईल खिशात ठेवला. ओट्यावरच्या सगळ्यांनी आयुष्यात अशा कितीतरी हळदी केल्या होत्या आणि यार्डातली पद्धत ठरलेली होती. एका पाळीतल्या कुणाच्या घरी हळद असली की दुसऱ्या पाळीने काम सांभाळायचं. मग त्यांच्याकडे कार्य निघालं की यांनी. कागद कधीच नव्हता. कंत्राटदाराचा सुपरवायझर पुण्याकडचा, माझ्यापेक्षा थोडाच मोठा. तो स्वतःच म्हणाला होता, "बिनधास्त जा काका, फक्त दुसऱ्या शिफ्टला सांगून ठेवा. आणि मी पण येतोय, मटण ठेवा."

तो आला. मांडवात लग्नविधीची गाणी म्हणणारी धवळारीण गात होती तेव्हा हात जोडून बसला, मग जेवला, आणि डीजे सुरू झाल्यावर बाबांचा हात धरून नाचला. मोबाईल उंच धरून त्याने सगळ्यांचा व्हिडिओ काढला. मीही त्यात आहे, मागे, पाण्याचे ग्लास घेऊन. यार्डात त्या दिवशी दुसऱ्या पाळीने सगळ्या गाड्या धुतल्या. एकही गाडी मळकी गेली नाही.

हळद उतरल्यावर माणसं कामाला गेली, तर फाटकापाशी टेबल टाकलेलं होतं. कंत्राटदाराची माणसं एकेकाला बोलावून एकच प्रश्न विचारत होती: तुम्ही सगळे ठरवून गेला होतात का?

इथे आमच्या माणसांनी जे केलं ते दुसऱ्या कुणी केलं असतं असं मला वाटत नाही. आमच्याकडे हळदीला सहज, वाटेत होतं म्हणून, कुणी जात नाही. तसं म्हणणं म्हणजे यजमानाचा अपमान. घरोघर बोलावणं जातं आणि बोलावणं आलं की घरातली सगळी जातात. मावशी त्याच रांगेत मागे उभ्या होत्या. त्यांच्यासमोर "मी एकटाच, असाच गेलो" असं कोण म्हणणार? प्रत्येकाने छाती पुढे काढून सांगितलं, हो, ठरवून गेलो. बाबा तर म्हणाले, "एक मानूस मागं नाय राहिला, लिवून घ्या." त्यांनी लिहून घेतलं. खाली सगळ्यांनी सह्या केल्या, काहींनी अंगठे लावले.

मग बाबांच्या गळ्यातला पास काढून घेतला. "तुम्ही सेक्रेटरी ना काका? बेकायदेशीर स्ट्राइक आहे ही. चौकशी होईपर्यंत घरी थांबा." बोलणारा तोच सुपरवायझर होता. बाबा सांगत होते की त्याच्या मनगटावर हळदीचा डाग अजून होता. खरं असेल किंवा रागात दिसला असेल.

त्यानंतरचे दिवस वाईट गेले. बाबांना घरी बसता येत नाही. त्यांनी आधी पंखा धुतला, मग माझी सायकल, मग शेजाऱ्याची रिक्षा, नको नको म्हणत असताना. आई म्हणायची, "आता मना पन धुऊन काढा." मी कॉलेज बुडवून त्यांच्याबरोबर फिरत होतो. राज्य सरकारच्या कामगार कार्यालयात सांगितलं, रेल्वेचा विषय केंद्राचा, इथे नाही. रेल्वेत विचारलं तर तुमचा मालक कंत्राटदार. रेल्वेच्या कायम नोकरांच्या एका युनियनमध्ये गेलो. त्यांनी चहा पाजला, आमचं सगळं ऐकून घेतलं आणि वाईट वाटतंय असं मनापासून सांगितलं. पण त्यांचे सभासद कायम नोकर, बाबा कंत्राटी. एकाच रुळावरची माणसं, पण कायद्याच्या कागदावर त्यांचा एकमेकांशी संबंध नाही. बाहेर आल्यावर बाबा म्हणाले, "चा चांगला होता." मला रडू येत होतं आणि राग कुणावर काढायचा ते कळत नव्हतं. शिव्या द्यायला एक तरी माणूस हवा होता. जो भेटायचा तो सभ्यच निघायचा.

मधे सुपरवायझरने निरोप पाठवला. बाबांनी लिहून द्यावं की संप होता, चूक झाली, शाखेचं पद सोडतो. पास लगेच परत. आई म्हणाली, द्या लिहून. खरं सांगायचं तर माझ्याही मनात तेच आलं होतं.

बाबा म्हणाले, "नाचलो म्हनून लिवून देतो. प्यालो म्हनून लिवून देतो. संप नाय केला तं कसा लिवू?"

"पण तुम्हीच सांगितलंत ना, ठरवून गेलो म्हणून!" मी ओरडलो. बाबांवर मी असा कधी ओरडलो नव्हतो.

"हलदीला ठरवून गेलो. संपाला नाय."

शेवटी संघटनेच्या मोठ्या ऑफिसने केंद्राच्या कामगार खात्याकडे अर्ज केला आणि मुंबईला तारीख लागली. सचिव म्हणून बाबा बोलणार होते, आणि मी मागच्या खुर्चीवर बसलो तर चालेल असं अधिकाऱ्यांनी सांगितलं. सुपरवायझरने तो व्हिडिओ दाखवला. अधिकारी साहेबांनी तो पूर्ण बघितला, आवाज बंद करून. आवाज बंद केला की आमचा नाच खरोखरच दंगलीसारखा दिसतो. शेवटी शेवटी सुपरवायझरने कॅमेरा स्वतःकडे वळवला होता आणि बाबा त्याच्याच खांद्यावर हात टाकून होते, ते साहेबांनी पाहिलं असावं, कारण त्यांनी सुपरवायझरला विचारलं, "म्हणजे तुम्हीही संपात होता?" तो लाल झाला. पण मग साहेब बाबांकडे वळून म्हणाले, "तुमच्या सह्या आहेत. ठरवून गेलो असं लिहिलंय. मी काय करू?"

मला आदल्या आठवड्यातली गोष्ट आठवली. आमच्या मोरीत निळं पिंप आहे. साबण संपला की रिकामं पिंप बाबा घरी आणतात, सगळेच आणतात. अंघोळ करताना त्यावर रंगवलेली अक्षरं मी लहानपणापासून बघत आलो होतो, तशीच परत बघत होतो: पनवेल–रोहा. साबण दोन्हीकडे एकाच गाडीतून जातो, कारण डबे धुण्याचं कंत्राट दोन्हीकडचं मिळून एक आहे. मी पुढे वाकून बाबांच्या कानात सांगितलं. बाबा म्हणाले, "तूच सांग, मना नाय जमायचा." साहेबांनी मान हलवली.

मी म्हटलं, "सर, कायदा निम्मे कामगार म्हणतो. पण निम्मे कशाचे? कंत्राट पनवेल आणि रोहा मिळून एकच आहे. रोह्याची माणसं त्या दिवशी कामावर होती. पनवेलची दुसरी पाळीही होती. सगळे धरले तर हळदीला गेलेले निम्मे होत नाहीत."

साहेबांनी चष्मा काढला. "कंत्राट एकच आहे?" त्यांनी विचारलं. सुपरवायझर आणि त्याच्याबरोबरचा वकील आपसात कुजबुजले. वकील म्हणाला, माहिती घेऊन सांगतो. पुढची तारीख पडली.

परतताना पनवेलला उतरल्यावर बाबांनी वडापाव घेऊन दिला आणि वडापाववाल्याला सांगितलं, "आमचा वकील हाय." मला लाज वाटली आणि बरंही वाटलं. बऱ्याच दिवसांनी त्या रात्री मला नीट झोप लागली.

पुढच्या तारखेला माझी परीक्षा होती. बाबा मावशींना घेऊन गेले. पेपर सुटला तेव्हा मोबाईलवर आईचे बरेच फोन येऊन गेलेले. कॉलेजच्या फाटकापाशी, रिक्षांच्या हॉर्नमध्ये, मी फोन लावला.

आई धापा टाकत होती. "जिंकलो रे! तुज्या बाबाचा फोन आलता. संप नव्हता म्हनून त्यांनी मान्य केला. पास देतान." मी तिथेच रस्त्याच्या कडेला खाली बसलो. शेजारच्या रिक्षावाल्याने विचारलं, काय झालं, नापास झाला का? मी म्हटलं, नाही, पास झालो. त्याने पाठ थोपटली.

मग बाबांना फोन लावला. उचलला मावशींनी. त्यांचा आवाज आनंदाचा नव्हता.

"ऐक रं. तुजा मुद्दा त्यांनी मान्य केला. कंत्राट एकच. मंग त्यांचा वकील बोलला, एकच कंत्राट हाय तं मानूस कुठंबी लावता येतो. सायबानी इचारला, हरकत हाय का? आमी काय बोलनार? आमीच तं सांगितला, एक हाय म्हनून." मधे स्टेशनावरची घोषणा ऐकू आली. "आता सचिव तिकडं आन आमी हिकडं. मीटिंग काय गाडीत घ्याची?"

"बाबांना द्या," मी म्हटलं.

बाबांनी फोन घेतला. आधी पेपर कसा गेला ते विचारलं. मी म्हटलं, बरा गेला.

"पास भेटला," ते म्हणाले. "रोह्याचा."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला. बाबाच पुढे म्हणाले,

"मोबाईलवर जरा बग ना बाला. आपट्यावरनं रोह्याला सकाली पयली गाडी किती वाजता हाय?"