नाकातला हरभरा आणि रबरी कोंबडा

हरभरा उजव्या नाकपुडीत होता. पाच वर्षांच्या वच्छीला तिच्या बापानं मांडीत आवळून धरलं होतं आणि आमच्या सरकारी दवाखान्याचे डॉक्टर चिमटा घेऊन पुन्हा वाकत होते. पोरीनं लाथ मारली. चिमटा ट्रेमध्ये, ट्रे जमिनीवर, आणि डॉक्टरांचा चष्मा माझ्या पदरात.

"नाक शिंकर, बाळ," डॉक्टर म्हणाले.

वच्छीनं सूंऽ करून श्वास आत ओढला. घाबरलेली लेकरं हेच करतात. शिंकरायला सांगा, ती ओढतात.

नाकात गोल, गुळगुळीत वस्तू अडकली की चिमट्यात नीट धरता येत नाही. चिमटा लागला की ती मागे सरकते. फारच मागे गेली तर घशात पडते, आणि तिथून श्वासनळीत गेली तर लेकरू गुदमरतं. शिवाय हा हरभरा भिजत घातलेल्यांतला होता, म्हणजे अजून फुगणार.

"खामगावला मोठ्या दवाखान्यात पाठवू," डॉक्टर म्हणाले. ते पुण्याहून नवीनच आले होते.

"सर, रस्ता तुम्ही पाहिलाय. गाडीत आदळआपट झाली, ही रडली आणि हरभरा आत गेला तर?"

डॉक्टरांनी खामगावचं नाव सोडलं. बाप, सुपडाभाऊ, वरवट बकाल गावाकडचा वांगी लावणारा माणूस. त्याचा चेहरा उतरला होता. "बाई, काही करा वो. हिच्या मायनं उसळीले भिजू घातले होते, हिनं उचलून नाकात घातला. माह्या तं हातापायातलं बळच गेलं."

खरं सांगायचं तर माझंही गेलं होतं. पण नर्सला तसं दाखवता येत नाही. मी मागच्या दोरीवर वाळत घातलेल्या ग्लोव्हजकडे वळले, उगाच हाताला काम म्हणून.

हे ग्लोव्हज डिस्पोजेबल होते. एकदा वापरायचे आणि फेकायचे, असं खोक्यावर लिहिलेलं. पण पहिली जोडी फेकली तेव्हा आमचा स्टोअरकीपर ती कचऱ्यातून उचलून परत घेऊन आला. "सरकारी माल हाय बाई. माल बाद करणारी समिती येईन, पाहीन, मंगच फेकता येते." समिती काही आली नाही. मग आम्ही ग्लोव्हज धुवायचो, वाळवायचो, पावडर लावायचो. फाटलेलेसुद्धा जपायचो. त्यांच्या मनगटाच्या कडा कापून मी वेणीला रबर लावायचे, आणि वॉचमन पावसात टॉर्चला ग्लोव्ह घालायचा.

धुतलेला ग्लोव्ह फुगवून गालाजवळ धरायचा. भोक असेल तर गालाला वारा लागतो. ही रोजची तपासणी. सवयीनं मी एक फुगवला आणि एकदम लक्षात आलं, खोलीत शांतता आहे. वच्छी रडायची थांबली होती आणि माझ्या हाताकडे बघत होती.

मी ग्लोव्हला गाठ मारली. अंगठा म्हणजे चोच, चार बोटं म्हणजे तुरा. जखमेला लावायच्या जांभळ्या औषधानं डोळे काढले आणि कोंबडा सलाइनच्या स्टँडला टांगला.

"वच्छे, हा कोंबडा नाकाच्या वाऱ्यानं उडते. तोंडानं फुकलं तं उडत नाई."

"बाबा, तुम्ही उडवा," वच्छी म्हणाली.

सुपडाभाऊनं मिशा सावरल्या आणि असा काही फुर्र केला की कोंबडा स्टँडभोवती फिरला. वच्छी खुदकन हसली. मग तिनं डॉक्टरांकडे बोट केलं. "आता ह्यानं."

"सिस्टर, मी एम.बी.बी.एस. आहे," डॉक्टर हळूच म्हणाले.

"कोंबड्याला कुठं माहीत आहे, सर?"

डॉक्टर चष्मा घालून वाकले. जोर लावला. कोंबडा जागचा हलला नाही, डॉक्टरांना मात्र ठसका लागला.

"ह्याले नाई जमत," वच्छीनं निकाल दिला.

"हाव ना. मंग तू दाखव त्याले," मी म्हटलं आणि तिची डावी नाकपुडी बोटानं दाबली. "तोंड बंद. उडव!"

हरभरा सुटला तो थेट डॉक्टरांच्या चष्म्यावर टक्कन आदळला. वच्छीला त्याचं काहीच नव्हतं. ती ओरडली, "हालला! कोंबडा हालला!" सुपडाभाऊनं तिला छातीशी धरलं आणि तो हमसून हमसून रडला.

पोरगी कोंबड्याशिवाय घरी जाईना. स्टोअरकीपर दारात उभा. "समितीले काय दाखवू मी?"

डॉक्टर चष्मा पुसत म्हणाले, "सांगा, उडून गेला."

दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखाना उघडला तर सुपडाभाऊ ओट्यावर मान खाली घालून बसलेला. सोबत वच्छीच्या दोघी बहिणी आणि शेजारचं एक पोरगं.

"आता काय झालं, भाऊ?"

"काय सांगू बाई. वच्छीनं कोंबड्याले कोणाले हात लावू देला नाई." त्यानं एकेकाकडे बोट दाखवलं. "हिच्या नाकात तूर हाय, हिच्या मूग. अन् हे पोट्टं वाटाणा घालून आलं."

डॉक्टरांनी तिघांना ओळीत बसवलं, चष्मा काढून सांभाळून खिशात ठेवला आणि स्वतःच एक ग्लोव्ह फुगवायला घेतला. औषध कडू का असावं, ते मला त्या दिवशी कळलं.