लाटांची सरासरी

परवा आमच्या समुद्र-नोंदींच्या कार्यालयात बंदरावरच्या यशोदाबाई आल्या. मागच्या वर्षी त्यांचा नवरा होडी घेऊन गेला, तो परतलाच नाही. ‘दर्या तर शांत होता, पिऊन गेला असेल,’ असं गावात अजून बोलतात.

‘साहेब, त्या दिवशी दर्या कसा होता, एवढंच सांगा.’

मी संगणकावर तो महिना काढला. लाटांच्या उंचीचा एकच आकडा होता, साऱ्या महिन्याची सरासरी. त्यांनी त्यावर बोट ठेवलं. ‘ह्यात आमचा दिवस कुठला?’

मला सांगता येईना. सरासरी महिन्यातल्या नेमक्या कुठल्या दिवसांची, किती नोंदींची, वादळात लाटा मोजणारं यंत्र बंद होतं का, हे लिहायला ठरावीक रकाने असतात. परक्या माणसालाही आकडा कळावा म्हणून सगळे ते एकाच पद्धतीने भरतात. ती फाइल मीच केली होती आणि रकाने मीच रिकामे सोडले होते. वाटलं, कोण वाचतंय! रोजच्या मूळ नोंदी पुढे पुसल्या गेल्या.

खवळलेला एक दिवस उरलेल्या शांत दिवसांत विरघळून जातो. माणूस मात्र त्या एकाच दिवशी पाण्यात असतो.

‘म्हणजे शांतच होता म्हणायचा?’

‘तसं नाही, बाई. आम्हाला माहीत नाही.’

‘मग तेवढं तरी कागदावर लिहून द्या. गावात दाखवीन.’

‘त्या दिवशी दर्या कसा होता, आम्हाला माहीत नाही,’ असं मी लिहून दिलं, खाली सही केली. त्या फाइलीबद्दल मी लिहिलेलं ते पहिलंच खरं वाक्य होतं, आणि त्याने गावाचं तोंड बंद होणार नव्हतं.