मुगाएवढी गोळी

मामंजींना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, दोन वेळा अफू लागे. सकाळी एक गोळी, दिवेलागणीला एक. गोळी मी वळायची. त्यांना दिसत कमी, हातही कापत. ते तळवा पुढे करत, मी गोळी ठेवून बाजूला होई. बोलणं नव्हतं. आमच्यात सून सासऱ्यासमोर तोंड उघडत नसे. नवरा विषमज्वराने गेल्यावर धारच्या त्या दोन खोल्यांत आम्ही दोघंच उरलो, तरी रीत ती रीत. ते भिंतीला सांगत, "चहा झाला असेल तर बरं." मी कप आणून ठेवी.

संस्थान विलीन झालं, दरबारचा फरासखाना, म्हणजे तंबू-जाजमांचं खातं, बंद पडलं आणि तिथली त्यांची जमादारकी गेली. त्याचं त्यांना फारसं काही वाटलं नाही. पण रोज संध्याकाळी ते भिंतीला विचारत, "आला का?" मुलाबद्दल. तो गेलाय हे त्यांना पक्कं ठाऊक होतं, डोकं ठिकाणावर होतं, तरी विचारत. मला ते सोसेना. एकदा मी गोळी जरा मोठी वळली. त्या संध्याकाळी त्यांनी विचारलं नाही. मग मी मोठीच वळू लागले. असं करत मुगाची हरभऱ्याएवढी झाली. वाईट वाटायचं का? नाही. मला तेव्हा कशाचंच काही वाटत नव्हतं.

अफूची डबी लवकर संपू लागली. त्यात सरकारी ठेक्याच्या दुकानात अफू कमी मिळे, पुढे बंदच होणार म्हणत. मामंजींना ऐकू जाईल अशा बेताने मी शेजारणीला सांगितलं, "ठेकेवाला कमी तोलतो." आणि मी अफू सोडवणारा डॉक्टर शोधायला लागले. धारचे एक म्हणाले, खोलीत कोंडा, आठ दिवसांत सुटेल. म्हातारा सुटला असता, अफू नाही. तिरल्याच्या वैद्यांनी काढा दिला, तो मामंजींनी मोरीत ओतला. शेवटी परतीच्या बसमधला कंडक्टर म्हणाला, "बई, देवास जाव. वां एक डाक्टर हे, अमल दवाई से छुड़ावे."

देवासच्या डॉक्टरांनी विचारलं, "बासाब, गोली कितनी बड़ी लेते हो?"

"मुगाएवढी," मामंजी म्हणाले.

मी पदर ओढून मागे उभी होते. गप्प राहिले. डॉक्टरांनी त्या मापाने अफूच्या अर्काची बाटली दिली. गोळीऐवजी रोज दोन चमचे घ्यायचे आणि तेवढंच उकळून गार केलेलं पाणी बाटलीत घालायचं. म्हणजे औषध आपोआप पातळ होत जातं.

तिसऱ्या दिवशी त्यांच्या नाकाडोळ्यांतून पाणी गळू लागलं. पोटात पिळे, अंथरुणातच जुलाब. चौथ्या दिवशी त्यांना धरून मी पुन्हा देवासला नेलं. वाटलं, हे बसमध्येच जातात.

डॉक्टरांनी तेच विचारलं. दात वाजत होते, तरी ते म्हणाले, "मुगाएवढी."

मी डब्यातली पोळी मोडली, तुकडा मळून गोळी वळली. बोटांना माप पाठ होतं. ती टेबलावर ठेवली.

"इतनी? किसने बढ़ाई?"

"मैंने."

मामंजींसमोर माझा आवाज पहिल्यांदा निघाला तो असा, आणि तोही हिंदीत.

डॉक्टर मला बोलले, बोलायलाच हवं होतं. मग पाजायला एक मात्रा आणि नवी बाटली दिली. बस स्टँडच्या बाकावर मामंजींना जरा हुशारी आली. समोर भिंत नव्हती, म्हणून ते रस्त्याकडे बघत म्हणाले, "जिभेला कळतं. मूग कोणता नि हरभरा कोणता."

"मग सांगितलं का नाही?"

"परक्यापुढे सुनेचं नाव कसं घ्यायचं?"

मला रडू यायला हवं होतं. आलं नाही. मी उरलेली पोळी त्यांच्या हातात दिली.

बाटली कित्येक महिने पातळ होत गेली. चमचा मी भरायची, पाणी मीच घालायची. एका संध्याकाळी चमचा परत देताना त्यांनी भिंतीला विचारलं, "आला का?"

"नाही, मामंजी," मी म्हणाले. "ते आता नाही यायचे."

त्यांनी मान माझ्याकडे वळवली. "हो," म्हणाले. "वाढ मग. तूही बैस."

मी दोन पानं घेतली. भात वाढताना मला रडू फुटलं, नवरा गेल्यानंतर पहिल्यांदा.