आठवी कणी

रविवार, ८ सप्टेंबर १९९६ रोजी आमच्या गावात नदीच्या वाळूतून सोने धुऊन काढण्याची स्पर्धा झाली. तिच्या वाळूवर मी दोन लाख चाळीस हजार लिरा वाचवले. आदल्या वर्षी बांधकामाची वाळू विकत आणली होती. या वर्षी स्पर्धा भरवणाऱ्या मंडळाचा खजिनदार या नात्याने मी गावच्या एल्वो नदीच्या वळणावरूनच ट्रॅक्टर भरून आणली. बैठकीत माझे कौतुक झाले.

देल्फिनो ग्रेम्मोंना सगळे बार्बा म्हणत, म्हणजे काका. वय बहात्तर. एकतीस वर्षे त्यांनी लोकरीच्या गिरणीत रंगाच्या हौदावर काढली आणि सुटीचा प्रत्येक दिवस नदीत. हिमनदीने कधीकाळी आणून टाकलेल्या गोट्यांच्या टेकड्या एल्वो पोखरते. पूर ओसरला की कोणत्या धोंड्यामागे सोने धरून ठेवणारी जड काळी वाळू बसली असेल, हे बार्बांना काठावरूनच कळे. वाळू धुण्याची लाकडी काठवट त्यांनी स्वतः कोरलेली. पन्नास वर्षांच्या सोन्यात दोन अंगठ्या झाल्या, एक बायकोची आणि एक सुनेची. विकले मात्र गुंजभरही नाही.

स्पर्धेत प्रत्येकाला एक बादली वाळू मिळते. तीत सोन्याच्या किती कण्या टाकल्या, हे फक्त माझ्या कागदावर असायचे. सापडलेल्या कण्या काचेच्या नळीत घालून द्यायच्या. एक हरवली की वेळेत तीन मिनिटांची भर. अंतिम फेरीत बार्बा सर्वांच्या आधी धुणे संपवून उठले. बादलीत सात कण्या होत्या. त्यांच्या नळीत आठ निघाल्या.

मी दोनदा मोजल्या. त्यांना बाजूला बोलावून विचारता आले असते. मी माइकवरून विचारले.

“बार्बा, सात टाकल्या होत्या. आठवी कुठून आली?”

“बादलीतून.”

“बादलीत सातच होत्या.”

“मग तुझी मोजणी चुकली असेल, हिशेबनीस.”

“माझी मोजणी चुकत नाही.”

गर्दीतून कोणी ओरडले, “नखात लपवली होती का हो, बार्बा?”

“लपवतोय कसला! अंडं घातलंय त्यानं!” दुसरा म्हणाला.

लोक हसले. बार्बांनी काठवट खाली ठेवली आणि दोन्ही हातांची नखे मला दाखवली. मी ती वाकून पाहिली, हे आज लिहितानाही नको वाटते. नखांत काही नव्हते. तरी मी त्यांना बाद केले.

गुरुवारी उरलेली वाळू गवंड्याला द्यायची होती. तिच्यात मी एकही कणी टाकलेली नव्हती. सहज एक बादली धुतली. दोन कण्या निघाल्या. ज्या नदीत सोने आहे म्हणून आमच्याकडे स्पर्धा भरते, तिचीच वाळू आणून मी ती कोरी धरली होती.

त्याच संध्याकाळी चौकातल्या बारमध्ये गेलो. बार्बा टेबलाशी एकटेच होते.

“चूक माझी होती, बार्बा. वाळूत आधीच सोनं होतं.”

“माहीत आहे. तू पाळण्यात होतास तेव्हापासून धुतोय मी ती वाळू.”

“मग तेव्हाच का नाही बोललात?”

“माइक तुझ्याकडे होता.”

“मी फलकावर सूचना लावतो. सही-शिक्क्यानिशी.”

“फलक कोण वाचतंय? बेकरीत माझ्या सुनेला विचारतात, सासरे नखं कापतात की नाही. जिथं बोललास ना, तिथंच बोल.”

“पुढच्या स्पर्धेत बोलतो. नक्की.”

पुढच्या सप्टेंबरात मी माइक हातात घेतला. देणगीदारांचे आभार मानले, कुणाच्या तरी सापडलेल्या किल्ल्यांची सूचना दिली आणि तो खाली ठेवला. ऑक्टोबरात मंडळाची निवडणूक होती. वाळू माझ्या कारभारात आली, हे मला तेव्हा बोलायचे नव्हते. निवडून आलो. त्यानंतर दरवर्षी ते बोलणे आणखी अवघड होत गेले.

बार्बा स्पर्धेला पुन्हा आले नाहीत. पुलाखाली, जाणारे-येणारे पाहतात तिथे, धुणेही त्यांनी सोडले. वर रानात एकटे जात. २००३ च्या मार्चमध्ये ते वारले. मंडळाचे पुष्पचक्र मीच नेले. सुनेने ते माझ्या हातून घेतले नाही. भिंतीला टेकवून ठेवा म्हणाली.

माइकवर मी ते आजवर बोललेलो नाही.

बारमध्ये त्या संध्याकाळी दोघांच्या कॉफीचे पैसे त्यांनी दिले होते. माझ्या कॉफीचे तेराशे लिरा मी अजून देणे लागतो.