भरतीवेळचे एक्केचाळीस नियम

दर्शन सुर्व्याला माणसांचा राग येत नसे. राग यायला समोरचा निदान बरोबरीचा लागतो. त्याला फक्त किळस यायची, आणि तीही कोडच्या ओळींची: वाकड्या, लांबलेल्या, कुठेही तुटलेल्या. रत्नागिरीत नाचणे रोडला दोन खोल्यांत तो आई मथुराबरोबर राहायचा, बेंगळुरूच्या कंपनीचं काम घरून करायचा आणि उरलेला जीव 'भरतीवेळ'मध्ये ओतायचा. हा त्याने लिहिलेला फोनवरचा प्रोग्राम बंदरोबंदरच्या भरतीच्या वेळा सांगायचा. कोड सगळ्यांना खुला होता. दुरुस्ती कुणीही पाठवावी. घ्यायची की नाही, ते दर्शन ठरवणार.

पाठवणाऱ्यांसाठी त्याने एक्केचाळीस नियम लिहिले होते. ओळीच्या सुरुवातीला टॅब नको, चार स्पेस हव्यात. एका दुरुस्तीत एकच गोष्ट. छापील आधाराशिवाय कुठलाही आकडा बदलणार नाही. नियम वाचून किती जण पळाले, हे तो पगार सांगावा तसं सांगायचा.

सप्टेंबरात दाभोळहून अनस नावाच्या मुलाची दुरुस्ती आली. त्याचे वडील फारुक मासेमारी बोटीवर तांडेल, म्हणजे बोट चालवणारे. दाभोळच्या खाडीच्या तोंडावर वाळू साचलेली असते. बोट आत घ्यायची ती ऐन भरतीला. पण 'भरतीवेळ'मधला आकडा एका जुन्या छापील तक्त्यातला, खाडीत पार आतल्या धक्क्याचा. तोंडावर पाणी त्याच्या पाऊण तास आधीच फिरतं. म्हातारे तांडेल फोन बघत नव्हते, नवे पाणी बघत नव्हते. कुणाची तरी बोट ओहोटीत रुतणार, म्हणून अनसने तो एक आकडा बदलून पाठवला.

ओळीत टॅब होता. दर्शनने परत पाठवली. दुसऱ्या वेळी अनसने जाता जाता एक निरुपयोगी टीपही पुसली होती. म्हणजे दोन गोष्टी. परत. तिसऱ्या वेळी सगळं नीट होतं, पण आधार नव्हता. अनसने लिहिलं, "सर, आधार अब्बांचा आहे. चाळीस वर्षं तिथूनच बोट आत घेतायत."

दर्शनने उत्तर दिलं, "अब्बा छापील नाहीत."

हे वाक्य त्याला इतकं आवडलं, की त्याने ते आईला वाचून दाखवलं. मथुरा कोलंबी सोलत होती. मान वर न करता ती म्हणाली, "त्याचा बापूस दर्यात जातो. तू इथल्या भाट्याच्या खाडीपुलावर तरी जाऊन उभा राह्यलायस काय रे कधी?"

तुला त्यातलं कळणार नाही, असं तिला सांगून त्याने खुर्ची फिरवली.

दिवाळीच्या आधी एक नवा तांडेल फोनवरची वेळ धरून आत शिरला आणि त्याची बोट वाळूवर बसली. पुढच्या भरतीपर्यंत ती कलती पडून राहिली, मासळी नासली. अनसने ते कळवलं. माणूस कुणी गेला नाही, एवढंच दर्शनने त्यातून घेतलं, आणि तेही आपल्या बाजूचा मुद्दा म्हणून.

अनस भांडला नाही. खुल्या कोडची प्रत कुणालाही काढता येते. त्याने काढली, एक आकडा बदलला आणि दाभोळच्या तांडेलांच्या फोनवर घालून दिली. मग वेळणेश्वरच्या लोकांनी आपला आकडा त्याच्याकडे पाठवला. मग आणखी कुणी. दर्शनकडे येणाऱ्या दुरुस्त्या आटल्या. दोन आठवडे परत पाठवायलाच काही मिळालं नाही, तेव्हा त्याने ती प्रत उघडली. जिकडेतिकडे टॅब. पाठवणाऱ्यांसाठी नियम एकच: पाणी बघून आकडा पाठवा.

सबंध दिवस खर्चून त्याने चौतीस चुका काढल्या, ओळींच्या क्रमांकासह, आणि दाभोळच्या आकड्याला अजूनही आधार नाही हे खाली वेगळं लिहून सगळं अनसला धाडलं. संध्याकाळी उत्तर आलं.

"सर, सावकाश वाचतो. आत्ता खाडीच्या तोंडावर उभा आहे. ओहोटी लागली, सगळ्या बोटी वेळेत आत आल्या."

दर्शनने 'भरतीवेळ' उघडून दाभोळ बघितलं. भरती पुरी व्हायला अजून अर्धा तास होता.

"खोटारडा आहे," तो आईला म्हणाला.