रॉइस हॅडली दुसऱ्यांदा रेघ ओलांडतो

बेसबॉलमध्ये मॅनेजरही खेळाडूंसारखाच गणवेश घालतो. सत्तरी उलटलेल्या रॉइस हॅडलीचं पोट त्या पट्ट्यापट्ट्यांच्या सदऱ्यात जेमतेम मावायचं. मिसिसिपीकाठचा तो छोटा संघ त्याने उभी हयात सांभाळला. आताच्या पोरांपैकी कुणाच्या बापाला त्याने वरच्या संघात पाठवलं होतं, कुणाच्या बापाला घरी. पोरं त्याला ‘स्किप’ म्हणत. मैदानातल्या चुन्याच्या रेघेवर त्याने कधी पाय दिला नाही. अपशकुन, म्हणायचा, आणि टुणकन ती ओलांडायचा.

या वसंतापासून मात्र त्याच्या डोक्यात मधूनच धुकं उतरायचं. कुणाला कळलं असतं, तर सदरा उतरवावा लागला असता.

त्या संध्याकाळी डेनी कोब्रिक चेंडू टाकत होता. त्याला पाहायला मोठ्या संघाचा माणूस जाळीमागे बसला होता. वय निसटत चाललेल्या डेनीसारख्या पिचरसाठी, म्हणजे चेंडू टाकणाऱ्यासाठी, असा माणूस पुन्हा येत नाही.

सातव्या डावात डेनी डगमगला. रॉइस रेघ ओलांडून, तो उभा होता त्या उंचवट्यावर गेला. एका डावात एकाच पिचरकडे असं एकदाच जाता येतं. दुसऱ्यांदा गेलं, की त्याला काढावंच लागतं.

“काल नदीवर पाच पौंडांचा मासा लागला,” रॉइस म्हणाला.

“गेल्या आठवड्यात तीनचा होता, स्किप.”

“वाढतोय. तूही वाढ जरा.”

डेनी हसला. पुढचा फलंदाज बाद झाला.

रॉइस बाकावर बसला. डाव लांबला, ऊन तिरपं झालं. दिवे लागले, त्यांच्याभोवती नदीवरचे किडे पांढरे होऊन फिरू लागले. त्या उजेडात उंचवट्यावरचा पोरगा कुणीही असू शकला असता, आजवरच्या सगळ्या पोरांपैकी कुणीही. घाबरलेला दिसत होता. त्याला माशाची गोष्ट सांगायला हवी.

रॉइस उठला. रेघ ओलांडली.

“काल नदीवर...”

डेनीचा चेहरा उतरला. अंपायर लूथर जवळ आला. तो आणि रॉइस वर्षानुवर्षं भांडत आलेले.

“रॉइस,” तो हळूच म्हणाला, “याच डावात दुसऱ्यांदा आलास.”

“मीच बोलावलं त्यांना,” डेनी घाईने म्हणाला. “खांदा दुखतोय.”

जाळीमागच्या माणसाने मान वर केली. दुखऱ्या खांद्याचा पिचर कोण नेतो?

“खांदा ठणठणीत आहे याचा,” रॉइस म्हणाला. जाळीपर्यंत पोचेल असा आवाज. “मी विसरलो, लूथर. मघाशी येऊन गेलो, तेच विसरलो.”

“गप्प बसा ना, स्किप.”

“चेंडू दे, गाढवा.”

डेनीने चेंडू त्याच्या तळहातावर ठेवला. परतताना रॉइस रेघेवरूनच चालला. बुटाला चुना लागला. त्याने तो पुसला नाही.

त्याच आठवड्यात डेनीला वर बोलावणं आलं. रॉइसने सदरा उतरवून मैदान कायमचं सोडण्याआधी ती बातमी त्याला स्वतः सांगितली. मग जेवण झाल्यावर पुन्हा सांगितली, तितक्याच आनंदाने.

दोन्ही वेळा डेनीने टोपी हवेत उडवली.